भूल देण्याआधी डॉक्टरांना काय काय सांगाल?



इथे करावे गावात माझ्या वर्गातल्या दुसरीच्या एका मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं होतं. रजेचा अर्ज द्यायला आलेली आई हळूच म्हणाली, "सर, त्याला सर्दी झालीय. पण डॉक्टरांना सांगितलं तर तारीख पुढे जाईल." आजचा लेख याच विषयावर.

पूर्ण भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकून श्वासाची वाट अडवू शकते. ठसका लागून घसा मोकळा होण्याची क्रियाही थांबते. म्हणून भूलतज्ज्ञ मास्क किंवा नळीने श्वास सांभाळतात. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असते आणि त्यांना ऑक्सिजनही जास्त लागतो. वाट अडली तर हातात वेळ फार थोडा असतो.

धोका कशाने वाढतो?

1. गेल्या दोन आठवड्यांतला सर्दी-खोकला. श्वासमार्ग नाजूक झालेला असतो, स्वरयंत्र एकदम आवळून बंद होऊ शकतं.
2. दमा, तसंच घरातला विडी-सिगारेटचा धूर.
3. झोपेत मोठ्याने घोरणं, श्वास मध्येच अडकणं.
4. पोटात अन्न असणं. उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे जेवण 6 तास आणि साधं पाणी 2 तास आधी बंद करतात. "एकच बिस्कीट दिलं" हेसुद्धा सांगा.
5. हलणारा दुधाचा दात. तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.
6. मोठ्या माणसांत लठ्ठपणा आणि गुटखा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खाणारे खातातच. पुढे तोंड नीट उघडत नाही आणि नळी घालणं कठीण होतं.

युरोपातल्या 33 देशांतल्या सुमारे 31 हजार भुलींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांमध्ये दर 100 भुलींमागे साधारण 3 वेळा श्वासाची गंभीर अडचण आली. मूल जितकं लहान, तितका धोका जास्त.

सर्दी असली की ऑपरेशन रद्दच होतं असं नाही. तो निर्णय भूलतज्ज्ञ घेतात, पण माहिती आपणच द्यायची असते.

त्या आईने सर्दीचं सांगितलं. ऑपरेशन काही आठवडे पुढे गेलं आणि नीट पार पडलं. शिक्षकांनो, वर्गात कोण खोकतंय, कुणाचा दात हलतोय हे आपल्याला रोज दिसतं. रजेचा अर्ज हातात आला की पालकांना एवढं नक्की विचारा.