दिव्यावरून दिवा : मनाची प्रतिकृती आणि अनत्तवाद

एखाद्या मनुष्याच्या शरीराची व मनाची तंतोतंत प्रतिकृती निर्माण झाली, तर त्या दोघांपैकी ‘तो’ कोण? ब्रिटिश तत्त्वचिंतक डेरेक पार्फिट (१९४२-२०१७) यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न एका कल्पित यंत्राच्या आधारे मांडला. हे यंत्र पृथ्वीवरील मनुष्याच्या प्रत्येक पेशीची नोंद घेते आणि मंगळावर हुबेहूब तसाच मनुष्य घडविते. स्मृती, स्वभाव, संकल्प सर्व तेच. मात्र मूळ मनुष्यही जिवंत राहिला, तर दोघेही ‘मी तोच’ असे म्हणतील. पार्फिट यांच्या मते ‘तोच’ असणे महत्त्वाचे नसून मानसिक सातत्य महत्त्वाचे आहे. बुद्धाला हे मत मान्य झाले असते, असेही ते म्हणतात.

‘मिलिंदपञ्हा’त राजा मिलिंद विचारतो की, संक्रमणावाचून पुनर्जन्म कसा संभवतो? भदन्त नागसेन दोन दृष्टान्त देतात : दिव्यावरून दिवा लावणे आणि आचार्यांकडून श्लोक शिकणे. येथे पहिला दिवा विझत नाही व आचार्यही श्लोक विसरत नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे मूळ कायम असताना त्यापासून दुसरे उत्पन्न होणे या दृष्टान्तांतच अभिप्रेत आहे. ‘खरी ज्योत कोणती?’ हा प्रश्न ज्योतीत कोणी मालक दडला आहे, असे गृहीत धरतो. ‘तेच विज्ञान संसरण करते’ या साति भिक्खूच्या मताचे भगवंतांनी ‘महातण्हासंखय सुत्ता’त खंडन केले, ते याच कारणाने. विज्ञान प्रत्ययांवाचून उत्पन्न होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात आत्म्याचे संक्रमण नाकारले आहे.

मग जबाबदारी कोणाची? मिलिंदपञ्हातील आंबे चोरणारा म्हणतो की, मालकाने पेरलेले आंबे वेगळे आणि मी नेलेले वेगळे. तरीही तो दंडास पात्र ठरतो. कारण नेलेले आंबे पेरलेल्यांपासूनच उत्पन्न झाले. त्याच न्यायाने ‘कर्ज घेणारा मी नव्हे’ असे प्रतिकृतीस म्हणता येणार नाही. एकच ऋण दोनदा वसूल करणे न्याय्य नव्हे, परंतु दोघांपैकी कोणालाही हात झटकता येणार नाहीत.

याउलट, ‘प्रतिकृती आहे, तेव्हा मूळ मनुष्य मेला तरी चालेल’ हा निष्कर्षही अनत्तवादातून निघत नाही. विलग होताच दोन्ही संततींचे प्रत्यय भिन्न होतात. एकाची वेदना दुसऱ्यास होत नाही. आत्मा नाही, परंतु दुःख आहे. आणि जेथे दुःख आहे तेथे करुणेचे कर्तव्यही आहे. ‘खरा कोण?’ हे ठरेपर्यंत ते कर्तव्य थांबत नाही.