वाळूत मुद्दाम रुतणारं जहाज

दांडीच्या पुळणीवर होड्या ओढतच आम्ही मोठे झालो. पण 80 मीटरांहून लांब युद्धनौका कुणी मुद्दाम वाळूत रुतवतं? 'आयएनएस गुलदार' त्यासाठीच बांधलेली. कुंभीर वर्गातली ही नौका 30 डिसेंबर 1985 ला पोलंडमधल्या ग्दिनियाला नौदलात दाखल झाली. बूड सपाट, पुढचा भाग उथळ. किनारा जवळ आला की मागचा नांगर पाण्यात सोडायचा आणि नाक वाळूवर चढवायचं. मग पुढची दारं उघडून रणगाडे, जवान थेट पुळणीवर. धक्का नको, क्रेन नको. परतताना त्याच नांगराच्या आधारानं स्वतःला मागं खेचायचं. आमचे जुने तांडेलही याला दाद देतील.

12 जानेवारी 2024 ला ती पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. पुढं कारवारला महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली, ती निवतीच्या खडकांजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी. बुडालेलं जहाज मासळीचं घरही होतं. पण बुडवण्याआधी तेल, वंगण काढावंच लागतं, नाहीतर मासळीचं घर कसलं! मासळी येईल, याबद्दल मला शंका नाही. खडपात गोबरा, तांबोशी असतेच. मात्र जागेवर नीट खूण केली नाही, तर तिथं फाटणारी जाळी आमची असतील.