कानाला सारखे, मुळात परके

बेकरीतला पाव, ‘पाव किलो साखर’मधला पाव आणि ‘देव पावला’मधला पाव: उच्चार एक, लेखन एक, घराणी मात्र तीन. देव पावतो तो संस्कृत ‘प्राप्’ या क्रियापदावरून. पाव किलोतला पाव ‘पाद’पासून आला; चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांशही. खायचा पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरला. त्यांच्या भाषेतल्या या शब्दाचं मूळ लॅटिन ‘पानिस’. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन भाषांतली पावाची नावं त्याच मुळाची, आणि जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात तेही पोर्तुगीजांमुळेच. तरीसुद्धा ‘पीठ पायांनी तुडवायचे, म्हणून पाव’ ही व्युत्पत्ती आजही विश्वासाने सांगितली जाते. पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द त्यांच्या देशात रोजच्या वापरात होता, ही एक गोष्ट लक्षात घेतली तरी ती टिकत नाही.

इथे अर्थ वेगळे आहेत, म्हणून शंका तरी येते. अर्थही जुळला की भलेभले फसतात. बदनाम, बदसूर या शब्दांतला ‘बद’ फारसी आहे, त्याचा अर्थ वाईट. इंग्रजी ‘बॅड’चाही अर्थ तोच. शिवाय फारसी आणि इंग्रजी खरोखर एकाच भाषाकुळातल्या. मग हे दोन शब्द सख्खे का नसावेत? भ्राता, बिरादर, ब्रदर ही ओळ समोर ठेवून कोणी म्हणेल, की फारसी ब आणि इंग्रजी ब जुळतातच. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचं उत्तर फारसीच्या इतिहासातच मिळतं. फारसीतला प्रत्येक ब एका जातीचा नाही. बिरादरमधला ब जुन्या ‘भ’चा वारस, पण शब्दाच्या सुरुवातीचे पुष्कळ ब आधी ‘व’ होते. संस्कृत ‘वात’ म्हणजे वारा, फारसीत तो ‘बाद’. आपले ‘वीस’ फारसीत ‘बीस्त’. ‘बद’ याच रांगेतला, कारण फारसीच्या मधल्या टप्प्यात तो ‘वद’ असा सापडतो. इंग्रजी ‘बॅड’ला असा ‘व’चा भूतकाळ नाही. तो इंग्रजी लेखनातच बराच उशिरा, तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. त्याआधी वाईटासाठी आजच्या ‘ईव्हिल’चा पूर्वज चालत होता.

‘बॅड’चं पक्कं मूळ विद्वानांनाही ठरवता आलेलं नाही, मग नातं नाकारायचं कशाच्या बळावर, असंही विचारता येईल. मूळ माहीत नसलं तरी दिशा कळते. खऱ्या नातलगांची रूपं मागे जाऊ तशी एकमेकांजवळ येतात. योगायोगाने सारखे दिसणारे शब्द मागे जाऊ तसे दुरावतात. ‘बद’ आणि ‘बॅड’ आज जितके जवळ दिसतात तितके पूर्वी नव्हते. उलट उदाहरण ‘पाय’चं. पाय आणि इंग्रजी ‘फूट’ यांत कानाला काही साम्य नाही, पण ‘पाद’पर्यंत गेलं की प आणि द हाती लागतात. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत मूळ प चा फ आणि द चा ट झाला, आणि तोही एकाच शब्दात नव्हे: पितृ–फादर, दश–टेन, द्वि–टू. म्हणजे पाव किलोतला पाव ‘फूट’चा नातेवाईक आहे, आणि बेकरीतला पाव त्याच्याशी हुबेहूब दिसूनही परका. मला यातलं सर्वांत सुंदर तेच वाटतं, की नातं कानाला न कळता नियमाने सिद्ध होतं.

तरी इतके योगायोग घडतात कसे? बहुतेक भाषा काही डझन ध्वनींतून हजारो शब्द घडवतात, आणि त्यांतले पुष्कळ आखूड असतात. त्यामुळे कुठेतरी दोन शब्द एकमेकांवर येणं अटळच आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या म्बाबराम या मूळनिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. इंग्रजांकडून उचलला असेल, हा पहिला तर्क. पण शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात, आणि म्बाबराममध्ये तशा शब्दांची सुरुवात व शेवट झडतात, मधला ‘अ’ सुरुवातीच्या ‘ग’मुळे ‘ऑ’ होतो. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी हे बदल इतर शब्दांतही दाखवून दिले.

साम्य पाहूनच तर भाषाकुळांचा शोध लागला, असा शेवटचा युक्तिवाद होतो. पण 1786 साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं तेव्हा भर दिला तो क्रियापदांच्या धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर. सुटे शब्द भाषा एकमेकींकडून सहज उसने घेतात. ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’ यांची जोडी लॅटिनमध्ये ‘एस्त’ आणि ‘सुन्त’ अशी सापडते; एकवचनात सुरुवातीला स्वर आहे, अनेकवचनात दोन्हीकडे तो नेमका गळतो. अशी घडण उसनी मिळत नाही.