लाभांशाचा दर, परतावा आणि करमुक्ती

चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या एमआरएफ या टायर उत्पादक कंपनीच्या समभागाने १३ जून २०२३ रोजी एक लाख रुपयांची पातळी ओलांडली. भारतीय शेअर बाजारात या किमतीला पोहोचलेला हा पहिलाच समभाग होय. या कंपनीने २०२२-२३ या आर्थिक वर्षासाठी प्रत्येक समभागामागे ३ रुपयांचे दोन अंतरिम लाभांश आणि १६९ रुपयांचा अंतिम लाभांश, असे एकूण १७५ रुपये दिले. समभागाचे दर्शनी मूल्य १० रुपये असल्याने लाभांशाचा दर १७५० टक्के ठरतो. मात्र एक लाख रुपये मोजून समभाग घेणाऱ्याच्या दृष्टीने हेच उत्पन्न जेमतेम ०.१७५ टक्के आहे. या दोन टक्केवारींतील फरक लक्षात घेतल्याशिवाय लाभांशाचे अर्थशास्त्र समजत नाही.

दर आणि परतावा

कंपनीने आपल्या नफ्यातून भागधारकांना वाटलेला हिस्सा म्हणजे लाभांश. तो दर्शनी मूल्याच्या प्रमाणात सांगितला तर त्यास लाभांशाचा दर म्हणतात. वर्षभरातील लाभांशाला समभागाच्या बाजारभावाने भागून शंभराने गुणले असता लाभांश परतावा मिळतो. गुंतवणूकदार दर्शनी मूल्याने नव्हे, तर बाजारभावाने समभाग खरेदी करतो. म्हणून त्याच्यासाठी दुसरी संकल्पना अधिक महत्त्वाची ठरते.

कमी परतावा हे कंपनीच्या दुर्बलतेचे लक्षण असतेच असे नाही. नफ्याचा मोठा भाग राखून ठेवून तो विस्तारासाठी वापरणाऱ्या कंपनीचा परतावा कमी दिसतो; भागधारकाचा लाभ तेथे समभागाच्या वाढत्या किमतीतून होतो. याउलट अधिक परतावा नेहमीच टिकाऊ असतो, असेही मानता येत नाही. उत्तर चेन्नईतील मणली येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या चेन्नई पेट्रोलियम या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने २०२३-२४ साठी समभागामागे ५५ रुपये लाभांश दिला. समभागाची किंमत १००० रुपये धरल्यास हा परतावा साडेपाच टक्के होतो. परंतु तेलशुद्धीकरणातील नफा घटल्याने २०२४-२५ साठी कंपनीचा लाभांश केवळ ५ रुपयांवर आला. त्याच किमतीवर परतावा अर्धा टक्का उरतो. छापून येणारा परतावा हा बहुधा मागील वर्षाच्या लाभांशावर काढलेला असतो. तो भविष्याची हमी देत नाही. शिवाय किंमत कोसळल्यामुळेही परतावा फुगलेला दिसू शकतो. कारण किंमत ही या अपूर्णांकाच्या छेदस्थानी असते.

कराचा भार कोणावर?

लाभांशावरील कराबाबत भारताच्या धोरणात अनेकदा बदल झाले. १९९७-९८ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लाभांश वितरण कर सुरू केला. त्यानुसार १ जून १९९७ पासून कंपनीने वाटलेल्या लाभांशावर १० टक्के कर भरावा आणि भागधारकाच्या हाती आलेला लाभांश करमुक्त असावा, अशी व्यवस्था झाली. २००२-०३ या एका वर्षाचा अपवाद वगळता ही पद्धत ३१ मार्च २०२० पर्यंत चालू राहिली. अधिभार व उपकर धरून कराचा प्रभावी भार अखेरीस सुमारे २०.५६ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता.

या काळात लाभांशास 'करमुक्त' म्हटले जाई. प्रत्यक्षात कर भरला जातच होता. तो कंपनीच्या स्तरावर कापला गेल्याने भागधारकास दिसत नसे. करपात्र उत्पन्नच नसलेला निवृत्त कर्मचारी आणि कोट्यधीश प्रवर्तक या दोघांच्या लाभांशावर एकाच दराने भार पडत होता. कर भरण्याच्या क्षमतेनुसार करआकारणी व्हावी, या तत्त्वाशी हे विसंगत होते. ही विषमता कमी करण्यासाठी २०१६ मध्ये वर्षाला दहा लाख रुपयांहून अधिक लाभांश मिळवणाऱ्यांवर १० टक्के जादा कर बसविण्यात आला. तसेच भारतात कंपनीने भरलेल्या या कराची वजावट अनेक परदेशी गुंतवणूकदारांना आपल्या देशात मिळत नसे.

१ एप्रिल २०२० पासून लाभांश वितरण कर रद्द झाला. आता लाभांश भागधारकाच्या एकूण उत्पन्नात मिळवला जातो व त्याच्या उत्पन्नगटानुसार कर लागतो. वरील साडेपाच टक्के परतावा ३० टक्के दराने कर भरणाऱ्यास, उपकर वगळता, ३.८५ टक्केच पडतो. पाच टक्के दराच्या गटात तो सुमारे ५.२ टक्के राहतो आणि ज्याच्यावर कर लागत नाही त्यास पूर्ण मिळतो. एका कंपनीकडून वर्षात १० हजार रुपयांपेक्षा अधिक लाभांश मिळाल्यास कंपनी १० टक्के कर आधीच कापून घेते. ही मर्यादा २०२५-२६ पूर्वी ५ हजार रुपये होती. अशी कपात हा अंतिम कर नव्हे, याची नोंद घ्यावी. विवरणपत्र भरून जादा कापलेली रक्कम परत मिळवता येते.

करमुक्त खाते शक्य आहे का?

ब्रिटनमध्ये १९९९ पासून आणि कॅनडात २००९ पासून अशी बचत खाती आहेत, की ज्यांतील समभागांच्या लाभांशावर व किंमतवाढीवर त्या देशाचा कर लागत नाही. तथापि जुने समभाग त्यांत हलवणे विनामूल्य नसते. ब्रिटनमध्ये सामान्यतः समभाग विकून खात्यात पुन्हा खरेदी करावे लागतात. कॅनडात ते थेट हलवता येतात, पण कायदा त्यास बाजारभावाने केलेली विक्री मानतो आणि तोवरच्या नफ्यावर कर आकारतो.

भारतात सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे व्याज करमुक्त असले, तरी त्या खात्यात समभाग ठेवता येत नाहीत. २०१२-१३ मध्ये आलेल्या राजीव गांधी इक्विटी बचत योजनेत नव्या गुंतवणूकदारांना ५० हजार रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळत असे. २०१७-१८ पासून ती नव्या गुंतवणूकदारांसाठी बंद झाली. स्वतःच्या एका डीमॅट खात्यातून दुसऱ्यात समभाग नेल्यास मालकी बदलत नाही. म्हणून कर लागत नाही आणि सवलतही मिळत नाही. जोडीदाराच्या खात्यात ते विनामोबदला वर्ग केल्यास लाभांश मूळ मालकाच्याच उत्पन्नात धरला जातो. समभागविक्रीवरील नफ्याचा नियम मात्र वेगळा आहे. २३ जुलै २०२४ पासून, सूचिबद्ध समभाग बारा महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकल्यास वर्षाला सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे.

यावरून असे दिसते की, परताव्याची तुलना करताना बाजारभाव, लाभांशाचे सातत्य आणि करोत्तर रक्कम या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. करसवलतीच्या धोरणाचे मूल्यमापनही याच रीतीने व्हावयास हवे. सवलतीमुळे कोणाचा भार हलका झाला आणि तो अखेरीस कोणाकडे सरकला, हा प्रश्न विचारल्याशिवाय 'करमुक्त' या शब्दाचा अर्थ पूर्ण होत नाही.