गाव धर्मापुरी, फ्लॅट वाकडला, खासदार कुठला?

तीन पत्ते, तीन मतदारसंघ आणि मत मात्र एकच. ते नेमकं कुठे ठेवायचं?

धर्मापुरी हे नाव एकट्या बीड जिल्ह्याचं नाही, बरं का! तामिळनाडूत एक धर्मपुरी आहे. तो अख्खा लोकसभा मतदारसंघ आहे आणि त्याच नावाने त्यांचा खासदार दिल्लीत बसतो. तेलंगणात गोदावरीकाठी आणखी एक धर्मपुरी आहे, तिच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे. आणि तिसरी आपली, परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यातली. हिच्याकडे चालुक्य काळातलं केदारेश्वराचं देखणं मंदिर आहे, भुईकोट किल्ला आहे, पण मतदारसंघ वगैरे काही नाही. गाव विधानसभेला परळीत आणि लोकसभेला बीडमध्ये. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून बीडचा एक खासदार. २०२४ च्या यादीत मतदार होते २१ लाखांच्या वर.

म्हणजे धर्मापुरीच्या वाट्याला खासदार येतो तो एकवीस लाखांतला आपला हिस्सा म्हणून. तरीही गावाकडे 'आपला खासदार' हा शब्द किती हक्काने वापरतात! आणि इथे पुण्यात? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा विचारून बघा, 'आपला खासदार कोण?' निम्मे लोक नगरसेवकाचं नाव सांगतील, उरलेले थंब्ज-अप टाकतील.

एक दिवस, तीन खासदार

समजा, धर्मापुरीचा एक मुलगा इंजिनीअर होऊन पुण्यात आला. (अशी मुलं तुमच्या फ्लोअरवर दोन-चार तरी असतील. नसतील तर तुम्हीच असाल!) ऑफिस हिंजवडीत, भाड्याचा फ्लॅट वाकडला आणि मतदार यादीत नाव अजून गावाकडे. आता याचा दिवस बघा. सकाळी तो उठतो मावळ लोकसभा मतदारसंघात. अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये घालवून तो ऑफिसला पोचतो, तेव्हा बारामती मतदारसंघात शिरलेला असतो, कारण हिंजवडी मुळशी तालुक्यात आणि मुळशी भोर विधानसभेत येतं. दुपारी आईचा फोन येतो, तो बीड मतदारसंघातून. २०२४ मध्ये मावळातून श्रीरंग बारणे निवडून आले, बारामतीतून सुप्रिया सुळे आणि बीडमधून बजरंग सोनवणे. रस्ता एकाचा, ऑफिस दुसऱ्याचं आणि मत तिसऱ्याला. वीकएंडला हडपसरला मित्राकडे गेला तर शिरूर, म्हणजे चौथा!

त्यात २०२४ च्या लोकसभेला बीड, पुणे, मावळ आणि शिरूर या चारही ठिकाणी मतदान एकाच दिवशी होतं, १३ मे, सोमवार. गावाला जाऊन मत द्यायचं तर शनिवारीच निघायला हवं. तिकीट, सुट्टी, बॉसची परवानगी... आणि मग बऱ्याच जणांनी काय केलं, ते वेगळं सांगायला नको. पुण्यात त्या दिवशी मतदान झालं जेमतेम ५३ टक्के. बीडमध्ये जवळजवळ ७१ टक्के.

खासदार लोकलच हवा?

'उमेदवार बाहेरचा आहे हो' हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. कायदा मात्र याबाबतीत एकदम कूल आहे. देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव असलं, की दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघातून तुम्ही उभे राहू शकता (राखीव जागा आणि मोजके अपवाद सोडून). उमेदवाराला पत्त्याची अट नाही, मतदाराला मात्र आहे. आहे की नाही गंमत?

बीडने तर हा प्रयोग केव्हाच करून पाहिला आहे. १९६७ मध्ये इथून निवडून आले क्रांतिसिंह नाना पाटील. साताऱ्याचं प्रतिसरकार उभं करणारा हा नेता, गाव येडेमच्छिंद्र, आताचा सांगली जिल्हा. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून खासदार झाले होते आणि दहा वर्षांनी मराठवाड्याने त्यांना दिल्लीला पाठवलं, तेही कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर. १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे आले, ते शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीचे.

बीडची सगळी यादीच भन्नाट आहे. १९५२ ला बीड हैदराबाद राज्यात होतं, तेव्हा पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचा खासदार झाला. मग काँग्रेस, कम्युनिस्ट, पुन्हा काँग्रेस. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर तीनदा, १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये. १९९६ ला भाजपच्या रजनी पाटील. जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ ला भाजपकडून आणि २००४ ला राष्ट्रवादीकडून. २००९ आणि २०१४ ला गोपीनाथ मुंडे, त्यांच्या निधनानंतर प्रीतम मुंडे आणि २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे. डावे, उजवे, मधले, सगळे झाले. 'अमुक भाग अमुक पक्षाचा बालेकिल्ला' असं टीव्हीवर कुणी छातीठोक सांगायला लागलं, की ही यादी आठवावी.

तीस वर्षांची गाडी

मग एवढ्या खासदारांनी केलं काय? याचं उत्तर बीडमध्ये कुणालाही विचारा, गाडी येऊन थांबते ती रेल्वेवरच. परळीला स्टेशन जुनं आहे, जंक्शन आहे. धर्मापुरीकरांना घाटनांदूरही जवळ. पण जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बीड शहरात रेल्वेच नव्हती. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज सुमारे ३५३ कोटींचा. नंतर खर्च वाढत वाढत ४,८०५ कोटींवर गेला आणि त्यातला निम्मा राज्याने उचलायचं ठरलं. नगर ते आष्टी गाडी सुरू झाली २३ सप्टेंबर २०२२ ला. बीडपर्यंत गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आणि त्या दिवशीही बीड ते परळी हा शेवटचा टप्पा बाकीच होता.

मंजुरी मिळाली तेव्हा केशरबाई खासदार होत्या, बीडला गाडी आली तेव्हा सोनवणे. मधे चार खासदार होऊन गेले. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर शिकून, नोकरीला लागून टीम लीड झालं असेल. यात श्रेय कुणाचं आणि उशीर कुणाचा, यावर बीडच्या चहाच्या टपरीवर रात्र सरेल. पण एक गोष्ट खरी. एकटा खासदार रेल्वे आणू शकत नाही. तो मागे लागू शकतो, सभागृहात प्रश्न विचारू शकतो, बजेटमध्ये पैसे पडले की नाही हे दरवर्षी विचारत राहू शकतो. आणि तो मागे लागतोय का, हे बघायला त्याच्याही मागे कुणीतरी लागावं लागतं. ते 'कुणीतरी' म्हणजे मतदार.

पाच कोटींचा हिशोब

'खासदार फंडातून करून टाका' असं आपण सहज म्हणतो. ही योजना सुरू झाली १९९३ मध्ये. २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपये मिळायला लागले (कोविडच्या काळात काही दिवस तेही थांबले होते). आकडा मोठा वाटतो ना? बीडच्या २१ लाख मतदारांत वाटून बघा. माणशी वर्षाला २३-२४ रुपये. एका मॉलमधल्या पॉपकॉर्नच्या बकेटमध्ये अख्ख्या वाड्याचा विकास निधी! शिवाय हे पैसे खासदाराच्या खिशात जात नाहीत. त्याने काम सुचवायचं, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची.

त्यामुळे गावातली गटार तुंबली तर ग्रामपंचायत गाठा, सोसायटीसमोर खड्डा पडला तर महापालिका. खासदाराचं मुख्य काम कायदे करण्याचं आणि सरकारला जाब विचारण्याचं. तुमच्या सॅलरी स्लिपवर कापला जाणारा टीडीएस, पीएफचे नियम, मोबाइल कंपन्यांचे, बँकांचे कायदे, हे सगळं तिथे ठरतं. मंथ एंडला आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, त्यातलं बरंचसं लोकसभेच्या टेबलावरून गेलेलं असतं.

कोयता निघाला की

आता कहाणीतला खरा पेच. लोकसभेची जागा जमिनीच्या तुकड्याला बांधलेली आहे. माणसं मात्र फिरती झाली. बीड हा तर फिरत्या माणसांचाच जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पाडव्याच्या पुढेमागे ते परततात. लोकसभेचं मतदान एप्रिल-मेमध्ये होतं, तेव्हा ते बहुधा गावात असतात. पण २०२४ च्या विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला आणि त्या वर्षीचा गाळप हंगाम सुरू व्हायचा होता १५ नोव्हेंबरला. फडात जायचं की बूथवर? ज्यांच्या मजुरीचा, विम्याचा, मुलांच्या शाळेचा प्रश्न वर्षानुवर्षं भाषणात येतो, त्यांनाच मत द्यायला सुट्टी काढावी लागते.

सैनिकांना टपालाने मत देता येतं. ऊसतोड कामगाराला नाही, तुम्हा-आम्हालाही नाही. परदेशातल्या भारतीयाचं नाव गावच्या यादीत लागू शकतं, पण मत द्यायला त्यालाही पासपोर्ट घेऊन बूथवर यावं लागतं. निवडणूक आयोगाने २९ डिसेंबर २०२२ ला एक आयडिया मांडली होती. एकाच दूरच्या बूथवरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेऊ शकणारं यंत्र. म्हणजे धर्मापुरीचं मत वाकडला बसून! जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवण्यासाठी बोलावलं, तर बऱ्याच विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या. २०२४ च्या निवडणुकीत ते यंत्र काही आलं नाही.

मग नाव ठेवायचं कुठे?

कायद्याचं उत्तर सरळ आहे. तुम्ही सर्वसाधारणपणे जिथे राहता तिथे. गावात घर-शेत आहे एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलात म्हणून तुमचं राहणं संपतही नाही. ऊसतोड कामगार सहा महिन्यांनी घरी परततो. त्याचं घर गावातच. पण तुम्ही पाच वर्षं वाकडला राहताय, गॅस तिथला, इंटरनेट तिथलं, रोजची कटकट तिथली. तर मग मतही तिथलं. दोन्हीकडे नाव ठेवणं हा पर्याय नाही. ते बेकायदा आहे आणि खोटी माहिती दिली तर वर्षभराची कैद होऊ शकते.

'पण गावाशी नातं तुटतं ना!' हे दुखणं खरं आहे. गावच्या यादीतलं नाव म्हणजे अनेकांसाठी तिथला शेवटचा सरकारी पुरावा. आई-वडिलांनाही वाटतं, पोराचं नाव कमी झालं म्हणजे पोरगं परकं झालं. पण दोन निवडणुका गावाला जाणं जमलं नसेल, तर ते मत गावच्याही कामाचं नाही आणि शहराच्याही. बीडचा २०२४ चा निकाल आठवा. बजरंग सोनवणे यांना ६,८३,९५० मतं, पंकजा मुंडे यांना ६,७७,३९७. फरक फक्त ६,५५३ चा. याच मतदारसंघाने २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे यांना ६,९६,३२१ मतांनी निवडून दिलं होतं आणि २०२४ पर्यंत तो देशातला विक्रम होता. हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत यापेक्षा जास्त लोक लंचला एका वेळी बाहेर पडतात!

आता एवढं कराच

• निवडणूक आयोगाच्या वोटर्स पोर्टलवर आपलं नाव कुठे आहे ते शोधा. पाच मिनिटांचं काम.

• पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८ भरा. पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर नमुना ६. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

• नाव गावीच ठेवणार असाल आणि खरोखर तिथेच राहत असाल, तर मतदानाच्या दिवसाची सुट्टी आधीच टाका. रिलीजची डेडलाइन आहे असं सांगू नका, ती नेहमीच असते.

• आपल्या खासदाराने कोणते प्रश्न विचारले हे संसदेच्या वेबसाइटवर दिसतं. अ‍ॅप्रेझलला तुमचं जसं काम बघतात, तसं त्यांचंही बघा.

आणि हो, मत वाकडला हलवलं म्हणून धर्मापुरीच्या रेल्वेबद्दल बोलायचा हक्क जात नाही. गावाकडच्या खासदाराला पत्र लिहायला कुठलाही नमुना भरावा लागत नाही. फक्त पत्राखाली आईची सही घ्या. त्या भागातलं मत तिचं आहे आणि ती ते चुकवत नाही.