वादळ गेलं, वाट राहिली: पडझडीनंतर पायवाट कशी दुरुस्त करायची?



30 ऑगस्ट 2021 ची रात्र चाळीसगाव तालुक्यातल्या बाया अजून विसरलेल्या नाहीत. रात्रभर पाऊस कोसळला. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना पूर आला. गुरं वाहून गेली, शेतातली माती गेली. 31 तारखेला कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि धुळे–सोलापूर महामार्ग बंद पडला. महामार्ग होता म्हणून तिथे यंत्रं आली, अधिकारी आले. पायवाटेवर मात्र जेसीबी येत नाही.

आणि पायवाटेवर जास्त कोण चालतं? आपणच. मळ्यात जायला, सरपणाला, गुरांमागे, मोहफुलं आणि डिंक गोळा करायला. पाटणादेवी, मनुदेवी ही आपली देवस्थानं डोंगराच्या कुशीतच आहेत. नवरात्रात तिथे गर्दी होते, कितीतरी गटांच्या बाया तिथे नारळ-प्रसादाची, चहा-फराळाची दुकानं लावतात. वाट मोडली की डोक्यावर भारा घेतलेली बाई घसरते, लेकरांची शाळा बुडते आणि दुकानाची कमाईही जाते. म्हणून ही माहिती प्रत्येक गटाच्या बैठकीत वाचावी.

वाट कशानं मोडते?

आपल्याला वाटतं, झाड आडवं पडलं म्हणजे वाट बंद झाली. पण झाड एका दिवसात बाजूला होतं. खरं नुकसान करतं ते पाणी. वाट खोलगट झाली की पावसाचं पाणी तिच्यातूनच धावतं. पहिल्या वर्षी बोटभर चर पडते, दुसऱ्या वर्षी गुडघाभर, आणि मग वाटेचा नालाच होतो. माणसं नाला टाळून बाजूनं चालतात, तिथलं गवत मरतं, तिथेही पाणी धावतं. एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि तिन्ही मोडक्या.

पाण्याचा जोर दगडी पायऱ्यांवरही चालतो. जुलै 2022 मध्ये सप्तशृंगी गडावर जोराच्या पावसात पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा आला आणि काही भाविक जखमी झाले. चैत्रात आपल्या खानदेशातून हजारो जण पायी गडावर जातात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तेव्हा एकच गोष्ट पाठ करा: आधी पाण्याला वाट द्या, मग माणसाला.

कामाला जाण्याआधी

पाऊस थांबला म्हणून लगेच निघू नका. ओल मुरलेला डोंगर पाऊस थांबल्यावरही घसरतो. वरच्या बाजूला नवी भेग दिसली, झाडं कलली, किंवा झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं, तर त्या जागी पाय ठेवू नका. ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला कळवा.

तुटलेली वीजतार पडली असेल तर ती मेली आहे असं कधीच धरू नका. लांब उभं राहून 1912 वर फोन करा.

जंगलातली वाट असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय कोयता चालवू नका. गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, पाटणादेवीचा परिसर त्याच्यातच येतो. अभयारण्यात पडलेलं, वाळलेलं झाडसुद्धा उचलून नेता येत नाही, तसा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा आदेश आहे. आडवं झाड वाटेवरून बाजूला करायचं ते वनखात्याच्या माणसासमोर, आणि लाकूड तिथेच ठेवायचं. सरपण म्हणून घरी आणलं तर श्रमदान राहील बाजूला, गुन्हा अंगावर येईल. वनखात्याचा मदत क्रमांक 1926 आहे.

ज्या गावांना 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेचं म्हणणं वजनदार असतं. ग्रामसभेत ठराव घ्या: कोणती वाट, कोणत्या तारखा, कोण जाणार. ठरावाची प्रत गटाच्या फाईलला लावा.

काम कसं करायचं?

पहिल्या दिवशी फक्त चालायचं. दोघी-तिघींनी पूर्ण वाट बघायची आणि वहीत लिहायचं: कुठे झाड, कुठे चर, कुठे कडा ढासळली. जमलं तर पाऊस चालू असताना, सुरक्षित जागी उभं राहून, पाणी कुठून वाटेवर चढतं ते बघा. उन्हात न दिसणारं दुखणं पावसात दिसतं.

दुसरं काम मोकळं करण्याचं. जुन्या चरी आणि मोऱ्या पालापाचोळ्यानं, गाळानं तुंबलेल्या असतात. त्या फावड्यानं साफ करा. एवढ्यानंच निम्मं दुखणं बरं होतं, आणि यात कुणाचं कौशल्य लागत नाही. काढलेला गाळ वाटेच्या दरीकडच्या कडेला रचू नका. त्याचा बांध होतो आणि पाणी पुन्हा वाटेतच अडकतं.

तिसरं काम उताराचं. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता आडवं ओलांडून जातं. पारख सोपी आहे. वाटेच्या मधोमध तांब्याभर पाणी ओता. ते बाजूला उतरलं तर वाट चांगली. वाटेनंच खाली धावलं तर कुदळ हातात घ्या.

चौथं काम आडव्या दगडांचं. चढाच्या वाटेवर ठरावीक अंतरानं दगडांची ओळ पुरायची, पण सरळ आडवी नाही, तिरकी. वरचं टोक डोंगराकडे, खालचं टोक दरीकडे आणि वाटेच्या थोडं बाहेर. धावणारं पाणी या ओळीला अडून बाजूला जातं. सरळ आडवी ओळ लावली तर पाणी मागे साचतं आणि वरून उडी मारून पुढची माती खातं. दगडाचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीत हवा. पाय दिल्यावर हलला तर तो उपटून पुन्हा बसवा. चढ जितका खडा, तितक्या ओळी जवळ. पाणी जिथे बाहेर पडतं तिथे चार-पाच मोठे दगड टाका, नाहीतर तिथे नवी घळ पडेल. ते पाणी कुणाच्या शेतात तर जात नाही ना, हेही बघा.

वरचं पाणी वरच जिरवलं तर वाटेवर ओझंच कमी येतं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी श्रमदानानं बांध घातले, सुमारे 1100 एकर जंगल राखलं. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. झाडोरा असलेल्या डोंगरावरून पाणी सावकाश उतरतं.

कोणतं काम आपलं नाही?

मोठं झाड कापणं आपलं काम नाही. पडलेल्या झाडाच्या फांद्यांत ताण असतो. चुकीच्या जागी घाव बसला की फांदी उसळून तोंडावर येते. अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल नावाची सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट आहे, तिची देखभाल बहुतेक स्वयंसेवकच करतात. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळानं तिच्यावर असंख्य झाडं पाडली. तरी करवतयंत्र हातात दिलं ते प्रशिक्षण घेतलेल्यांच्याच. बाकीच्यांनी फांद्या ओढल्या, पाण्याचे मार्ग मोकळे केले. आपणही तेच करावं.

दगडाखाली हात घालण्याआधी पहारीनं दगड हलवा, साप-विंचू असतात. पायात बूट हवेत, चप्पल नको. साप चावला तर मांत्रिक नको, 108 ला फोन आणि थेट दवाखाना. एकटीनं जायचं नाही.

आणि मजुरीचं काय?

हे स्पष्ट बोललं पाहिजे. श्रमदान म्हटलं की बाया पुढे आणि पुरुष पारावर, असं होऊ देऊ नका. वाट सगळ्या गावाची आहे. ठरावातच लिहा की प्रत्येक घरातून एक माणूस येईल, आणि जड दगड उचलायला पुरुष येतील. वर्षातून दोन दिवस चरी साफ करणं हे श्रमदान ठीक आहे. पण जिथे संरक्षक भिंत लागते, मोरी बांधावी लागते, खडीकरण लागतं, ते काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायला लावा, रोजगार हमीत मागा. त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. पहिल्या दिवशीची आपली वही इथे उपयोगी पडते. कुठे, किती फूट, काय मोडलं हे लिहिलेलं असेल तर ग्रामसभेत मागणी उडवून लावता येत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

- मे महिन्यात, पावसाआधी: चरी साफ करा, हललेले दगड बसवा.
- मोठ्या वादळानंतर: आधी पाहणी, मग परवानगी, मग काम.
- नवरात्राआधी: देवस्थानाच्या वाटेवरचं वाढलेलं गवत काढा, घसरड्या जागा भरा.

पुढच्या मासिक बैठकीत बचत-कर्जाचा हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. आपल्या गावातली कोणती वाट सगळ्यात आधी मोडते, एवढंच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहा. मग येताना तांब्याभर पाणी घेऊन त्या वाटेवर जा.