एक साडी, दोन कप्पे

मावशीच्या साठीला द्यायला आईला डाळिंबी इरकल हवी होती. मोबाइलवर ऑनलाइन दुकान उघडून दिलं, पण पहिल्याच पानावर ती अडली. ‘सुती साड्या’ आणि ‘रेशमी साड्या’ असे दोन कप्पे होते. “अरे, इरकलीचं अंग सुती नि पदर रेशमी. मी शोधू कुठे?”

माहितीची रचना करणाऱ्यांपुढचा हा फार जुना पेच आहे. १८७६ साली मेल्विल ड्युई यांनी सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग केले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे आणखी दहा. पुस्तक फळीवर एकाच जागी राहतं, म्हणून विषयालाही एकच फांदी मिळाली. धर्माच्या वर्गात तर २२० ते २८० एवढी जागा ख्रिस्ती धर्माची आणि जगातले बाकीचे सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. फांद्या आखणाऱ्याला जे जग दिसतं, तेच त्या झाडात उतरतं.

यातून वाट काढली ती मद्रासच्या गणिताच्या एका प्राध्यापकाने. शियाली रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तीच चाकं, तेच नट-बोल्ट, पण जोडणी बदलली की खेळणं नवं. मग विषयांसाठी तयार कप्पे कशाला हवेत? सुटे भाग द्यावेत, जोडणी गरजेप्रमाणे करावी. १९३३ मध्ये त्यांचं ‘कोलन वर्गीकरण’ प्रसिद्ध झालं. त्यात ४५ म्हणजे फुप्फुसं, ४२१ म्हणजे क्षय, ६ म्हणजे उपचार, ४४ म्हणजे भारत. भारतातल्या फुप्फुसाच्या क्षयावरील उपचारांचं पुस्तक आलं की हे आकडे विरामचिन्हांनी जोडायचे. मूळ वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ असे पाच मूलभूत पैलू त्यांनी मानले.

या युक्तीचं बळ हिशेबात दिसतं. साडीचे पाच पैलू धरा आणि प्रत्येकात दहा पर्याय. एकूण नावं पन्नासच, पण त्यांतून एक लाख वेगवेगळ्या साड्यांचं वर्णन होतं. झाडाच्या रचनेत तेवढ्यासाठी लाख कप्पे लागले असते. आज खरेदीच्या कुठल्याही संकेतस्थळावर डावीकडे रंग, कापड, किंमत अशा चौकटींवर आपण खुणा करतो, तेव्हा रंगनाथनांचाच विचार वापरत असतो. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण पैलू ठरवले म्हणजे काम संपलं, असं नाही. साड्यांच्या तक्त्यात ‘कापड’ हा एकच रकाना ठेवला, तर त्यात सुती लिहायचं की रेशमी? दोन्ही एकाच रकान्यात कोंबले, तर शोध गडबडतो. म्हणून साड्यांचा तक्ता वेगळा, कापडांचा वेगळा आणि दोहोंना जोडणारा तिसरा. या तिसऱ्या तक्त्यात आईच्या इरकलीच्या दोन ओळी येतील: एक ‘अंग, सुती’ आणि दुसरी ‘पदर, रेशीम’. आता दोन्ही वाटांनी ती सापडेल. आयबीएममधले गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या या पद्धतीचा गणिती पाया मांडला. माहिती आत कशी साठवली आहे, हे शोधणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा त्यांचा आग्रह होता.

आणि रंग? आईच्या ‘डाळिंबी’ला यादीत जागाच नव्हती. एका विक्रेत्याने तसाच रंग ‘मरून’मध्ये टाकला होता, दुसऱ्याने ‘लाल’मध्ये. अशा वेळी एका रंगाची सगळी नावं एकमेकांना बांधून ठेवावी लागतात. हे काम किचकट आणि वेळखाऊ आहे, म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते राहून जातं. मग साडी गोदामात असते आणि शोधणाऱ्याला मात्र दिसत नाही.

आईने शेवटी सोलापूरच्या एका दुकानातून इरकल घेतली. दुकानदाराने गादीवर पांढरी चादर झटकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काकू, काठ कुठला दाखवू? गोमी चालेल?” मोबाइलवरच्या त्या दुकानात काठासाठी रकानाच नव्हता.